हा प्लेअर नक्की कुठल्या देशाचा? फुटबॉल, पासपोर्ट आणि नागरिकत्व: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये फुटबॉल बघणारे वाढलेत. रात्री साडेबाराच्या मॅचला कॉलेज रोडला, इंदिरानगरला, देवळाली कॅम्पात पोरं जमतात आणि वर्ल्ड कप किंवा युरो (युरोपातल्या देशांचा कप) आला की तेच तेच प्रश्न निघतात, हा फ्रान्सकडून कसा, तो स्पेनमध्ये जन्मला मग मोरोक्कोकडून का, आणि फिरून फिरून गाडी शेवटी आपल्या इंडियावर येते. बोलण्या-बोलण्यात अर्धी उत्तरं राहून जातात म्हणून सगळं एका जागी लिहिलंय. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचा.

एखाद्या देशाकडून खेळायला पासपोर्ट पुरतो का?

लागतोच, पण दरवेळी तेवढ्यावर भागत नाही. जगाचं फुटबॉल चालवणाऱ्या फिफाचं म्हणणं असं की प्लेअरकडे त्या देशाचं कायमचं नागरिकत्व पाहिजे, तिथे राहणं सोडलं की जाईल असलं नको. जन्मापासूनच ते असेल तर विषय संपला. पण नागरिकत्व नंतर घेतलं असेल तर फिफा विचारते की तुझं या देशाशी नातं काय, आणि त्याला चार उत्तरं चालतात. एक तर तू स्वतः तिथे जन्मलास, किंवा तुझे सख्खे आई-वडील यांच्यापैकी कुणी तिथे जन्मलं, किंवा आजी-आजोबांपैकी कुणी, नाहीतर तू तिथे पुरेशी वर्षं राहिलास. अठरानंतर गेला असशील तर ५ वर्षं, दहा ते अठरा या वयात गेला असशील तरी ५, आणि दहाच्या आत गेला असशील तर ३. लहानपणी गेलेल्यांसाठीचा हा नियम २०२० चा आहे, त्याआधी अठराच्या आतली वर्षं धरतच नसत, म्हणजे सहा वर्षांचं पोर एखाद्या देशात गेलं, तिथेच शाळा शिकलं, तिथलीच भाषा बोलायला लागलं, तरी त्याचं राहणं अठरापासून मोजायचे. हा अन्याय होता आणि तो काढायला फिफाने फार वर्षं लावली असं माझं स्पष्ट मत आहे.

मग आज एका देशाकडून, उद्या दुसऱ्याकडून असं चालतं का?

चालत नाही. सीनियर टीमच्या मैत्रीपूर्ण मॅचने माणूस बांधला जात नाही, ऑफिशियल मॅचने जातो. दिएगो कोस्टाचं उदाहरण घ्या, मार्च २०१३ ला तो ब्राझीलकडून इटली आणि रशियाविरुद्ध खेळला पण दोन्ही फ्रेंडली होत्या, म्हणून पुढे स्पेनकडून खेळता आलं आणि २०१४ चा वर्ल्ड कप त्याने ब्राझीलमध्येच स्पेनच्या जर्सीत खेळला, स्टेडियममध्ये त्याला जी हुर्यो झाली ती आठवत असेल. डेक्लन राइसचंही तसंच, आयर्लंडकडून ३ फ्रेंडली आणि मग इंग्लंड.

याच्या उलट मुनीर एल हद्दादी. सप्टेंबर २०१४ ला स्पेनने त्याला मॅसेडोनियाविरुद्ध शेवटची काही मिनिटं उतरवलं, पण ती मॅच युरोच्या क्वालिफायरची होती, त्यामुळे पोरगा अडकला. स्पेनने परत कधी बोलावलं नाही, मोरोक्कोला तो हवा होता, क्रीडा लवादाकडे गेला तर तिथेही २०१८ ला नकार मिळाला. शेवटी २०२० ला फिफाने नियम सैल केला की २१ वर्षांच्या आत जास्तीत जास्त ३ सीनियर मॅच झाल्या असतील, त्यानंतर ३ वर्षं गेली असतील आणि वर्ल्ड कप किंवा खंडाच्या कपच्या मुख्य स्पर्धेत पाय ठेवला नसेल तर एकदा बदलता येईल. मग २०२१ मध्ये तो मोरोक्कोकडून खेळला. काही मिनिटांच्या खेळासाठी सहा-साडेसहा वर्षं.

पूर्वी तर लोक सर्रास दोन देशांकडून खेळायचे ना?

हो, खेळायचे. लुइस मोंती १९३० ची वर्ल्ड कप फायनल अर्जेंटिनाकडून हरला आणि १९३४ ची इटलीकडून जिंकला, दोन वेगळ्या देशांकडून फायनल खेळलेला तो एकटाच. अल्ताफिनी १९५८ ला ब्राझीलकडून आणि १९६२ ला इटलीकडून. पुश्काश १९५४ ला हंगेरीकडून आणि १९६२ ला स्पेनकडून, पण त्याची गोष्ट वेगळी आहे, १९५६ ला हंगेरीत उठाव झाला तेव्हा त्याचा क्लब बाहेरच्या देशात होता आणि तो परत गेलाच नाही. म्हणजे कुणी पैशासाठी गेलं, कुणी रणगाडे आले म्हणून गेलं, आणि रेकॉर्डबुकात दोघांसमोर सारखंच लिहिलेलं दिसतं. साठच्या दशकात फिफाने हे सगळं आवळलं.

फ्रान्सची टीम म्हणजे आफ्रिकेचीच टीम, बरोबर ना?

नाही. या वाक्याचा मला दरवेळी राग येतो, बोलणारा बहुतेक वेळा कौतुकानेच बोलतो हे माहीत असूनही येतो.

आधी साधी माहिती. २०१८ ला कप जिंकणाऱ्या फ्रान्सच्या २३ जणांत आफ्रिकेत जन्मलेले दोनच, उमटिटी कॅमेरूनमध्ये आणि मांदांदा काँगोमध्ये. बाकीचे तिथलेच. एमबाप्पे पॅरिसचा, बाँडी नावाच्या उपनगरात वाढला, वडील कॅमेरूनकडचे आणि आईचं मूळ अल्जेरियाचं. झिदान मार्सेचा, आई-वडील अल्जेरियातून आलेले. तेव्हा यांना आफ्रिकन ठरवणारा माणूस फक्त कातडीचा रंग बघत असतो, आणि १९९६ ला ल पेन नावाचा फ्रेंच पुढारी नेमकं हेच बोलत होता की ही टीम खरी फ्रेंच नाही, बाहेरून आणलेली आहे. दोनच वर्षांनी त्याच टीमने ब्राझीलला ३-० हरवलं, झिदानचे दोन हेडर, थुराम ग्वादलूपचा, मार्सेल देसायी घानात जन्मलेला, व्हिएरा सेनेगलमध्ये, कारांब्यू न्यू कॅलेडोनियाचा.

पण दुसरी बाजूही आहे. २०१८ ला एका अमेरिकन टीव्ही शोमध्ये ट्रेव्हर नोआने आफ्रिका जिंकली असा विनोद केला, त्यावर फ्रान्सच्या अमेरिकेतल्या राजदूताने पत्र लिहून कळवलं की हे सगळे फ्रेंच आहेत, आणि नोआने उलट विचारलं की ते दोन्ही का नसावेत, फ्रेंच व्हायला आफ्रिकन असणं पुसायलाच हवं का? मला दोघांचंही पटतं. राजदूत जे म्हणाला ते कागदावर आणि माणूस म्हणूनही खरंय, पण त्या पोराच्या घरी आजी जी भाषा बोलते, जे जेवण बनतं, ते फ्रान्सच्या जर्सीने पुसलं जात नाही आणि जाऊही नये.

आणि हे लोक तिथे आले कसे हा प्रश्न कुणी विचारत नाही. फ्रान्सने अल्जेरियावर १३० वर्षं राज्य केलं, कामाला माणसं तिकडून आणली. एप्रिल १९५८ ची गोष्ट ऐका. रशीद मेखलुफी सेंट-एतियेनचा स्टार, मुस्तफा झितूनी मोनाकोचा डिफेंडर, दोघांचीही त्या उन्हाळ्याच्या वर्ल्ड कपला फ्रान्सकडून जायची तयारी चाललेली. अल्जेरियाचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू होतं. हे आणि असे बाकीचे प्लेअर गुपचूप फ्रान्स सोडून ट्युनिसला पोचले आणि स्वातंत्र्य चळवळीची टीम म्हणून खेळायला लागले. देश अजून नकाशावर नव्हता, फिफाने मान्यता दिली नाही, तरी ही टीम पूर्व युरोप, चीन, व्हिएतनामपर्यंत फिरली. १९६२ ला अल्जेरिया स्वतंत्र झाला आणि मेखलुफी परत सेंट-एतियेनला गेला, तिथल्या लोकांनी त्याला परत घेतलं. वर्ल्ड कप सोडून देणारा प्लेअर, तेही अशा देशासाठी जो अजून झालाच नव्हता, याच्यापुढे आजचे पासपोर्टचे वाद फार छोटे वाटतात.

ओझिलचं नक्की काय झालं होतं?

मेसुत ओझिल जर्मनीत गेल्सेनकिर्शनला जन्मला. जर्मनीने १९६१ ला तुर्कीशी करार करून कामगार आणले, त्यांच्यातलं त्याचं घर. जर्मनीकडून खेळायचं म्हणून त्याने तुर्कीचं नागरिकत्व सोडलं, २०१४ ला वर्ल्ड कप जिंकला. मे २०१८ ला त्याचा आणि टीममधल्या गुंडोगानचा तुर्कीचे अध्यक्ष एर्दोगान यांच्यासोबतचा फोटो आला आणि वादळ उठलं. मग वर्ल्ड कपला जर्मनी कोरियाकडून २-० हरून ग्रुपमध्येच बाहेर पडली आणि सगळं खापर ओझिलवर. जुलैत त्याने टीम सोडली, आणि त्याच्या निवेदनातलं म्हणणं थोडक्यात असं की जिंकलो की मी जर्मन असतो आणि हरलो की बाहेरून आलेला.

फोटो काढायला नको होता असं मला वाटतं, त्यावर टीका करणाऱ्यांना टीकेचा पूर्ण हक्क होता. पण टीका फोटोवर करा, तो जर्मन आहे की नाही हा प्रश्न त्यात कुठून आला? म्युलर किंवा नॉयर वाईट खेळला तर त्याला कुणी विचारत नाही की तू मूळचा कुठला.

आपल्याकडे बघा, सातपूर-अंबडच्या कंपन्यांमुळे जळगाव-धुळ्यापासून यूपी-बिहारपर्यंतची माणसं आली, त्यांची पोरं सिडकोत वाढली, इथल्याच शाळेत गेली, आपल्यासारखंच मराठी बोलतात, तरी लग्नाच्या वयाला आली तरी त्यांना "पण मूळ गाव कोणतं" हे चुकत नाही. ओळख काढताना विचारलं तर त्यात काही वाईट नाही, भांडण झाल्यावर विचारलं की तोच प्रश्न बोचतो. लुकाकूने बेल्जियमबद्दल हेच लिहिलंय, चांगला खेळलो की बेल्जियन स्ट्रायकर, नाही खेळलो की काँगोच्या वंशाचा. आणि जुलै २०२१ ला युरो फायनलमध्ये पेनल्टी हुकल्यावर रॅशफर्ड, सांचो, साका या तिघांना इंग्लंडमध्ये ज्या शिव्या पडल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. साका तेव्हा १९ वर्षांचा होता.

मोरोक्कोच्या २०२२ च्या टीममध्ये निम्मे लोक युरोपात जन्मलेले होते म्हणे, मग ती मोरोक्कोची टीम कशी?

२६ पैकी १४ देशाबाहेर जन्मलेले, त्यातले बहुतेक युरोपातले. हकीमी माद्रिदचा, झियेश आणि अम्राबात नेदरलँड्सचे, गोलकीपर बोनो तर कॅनडात माँट्रियलला जन्मला, आणि कोच रेग्रागुई पॅरिसजवळचा. बेल्जियमला ग्रुपमध्ये, मग स्पेनला आणि पोर्तुगालला नॉकआउटमध्ये हरवून सेमीफायनलला गेलेली ही पहिली आफ्रिकन टीम. स्पेनविरुद्ध शेवटची पेनल्टी माद्रिदमध्ये जन्मलेल्या हकीमीने मारली, तीही हळूच मधोमध चिप करून. तो म्हणालाय की स्पेनच्या कॅम्पमध्ये जाऊन आलो पण तिथे घरच्यासारखं वाटलं नाही.

यात लोक एक गोष्ट विसरतात. मोरोक्कोने फक्त युरोपातून पोरं गोळा केली नाहीत, राबातजवळ राजाच्या नावाची अकादमी २००९ ला सुरू केली, एन-नेसिरी, उनाही, अगेर्द हे तिथे घडले. पोर्तुगालविरुद्धचा गोल एन-नेसिरीचा. म्हणजे बाहेरची आणि घरची दोन्ही पोरं एका टीमला लागली. इंडियाची चर्चा करताना हे डोक्यात ठेवा, खाली परत येईन यावर.

सख्खे भाऊ वेगवेगळ्या देशांकडून खेळतात ते कसं?

कागद दोघांचे सारखे असतात, मन वेगळं असतं. बोआटेंग भाऊ (वडील एक, आया वेगळ्या) दोघेही बर्लिनचे, जेरोम जर्मनीकडून आणि केविन-प्रिन्स घानाकडून, २०१० आणि २०१४ दोन्ही वर्ल्ड कपला समोरासमोर आले. झाका भावांत ग्रानिट स्वित्झर्लंडचा आणि तौलांत अल्बानियाचा, युरो २०१६ ला दोघांच्या आईने अर्धा या देशाचा अर्धा त्या देशाचा टीशर्ट घातला होता. विल्यम्स भावांत इन्याकी घानाकडून, निको स्पेनकडून, आणि निकोने २०२४ च्या युरो फायनलमध्ये गोल मारला. त्यांचे आई-वडील घानातून सहारा ओलांडून स्पेनला आले होते. एका घरातल्या दोन पोरांनी दोन वेगळी उत्तरं दिली, तर त्यातलं एक खोटं कसं म्हणायचं?

निर्वासित प्लेअरचं काय होतं?

अल्फोन्सो डेव्हिस घानातल्या बुदुबुराम निर्वासित छावणीत जन्मला, आई-वडील लायबेरियातलं युद्ध सोडून आलेले. पाच वर्षांचा असताना कॅनडात आला, जून २०१७ ला नागरिकत्व मिळालं आणि त्याच महिन्यात कॅनडाकडून खेळला. वर्ल्ड कपमधला कॅनडाच्या पुरुष टीमचा पहिला गोल त्याचाच, २०२२ ला क्रोएशियाविरुद्ध.

नादिया नदीमची गोष्ट याहून अवघड. अफगाणिस्तानातल्या हेरातची, वडिलांना तालिबानने मारलं, आई पाच मुलींना घेऊन पाकिस्तानमार्गे डेन्मार्कला पोचली. डेन्मार्ककडून खेळायची वेळ आली तर आड आला तोच वर सांगितलेला अठरानंतर ५ वर्षांचा नियम. डेन्मार्कच्या असोसिएशनने फिफाशी भांडून सूट मिळवली आणि २००९ ला ती खेळली. पुढे डॉक्टरही झाली. ज्या पोरीला देशच उरला नाही तिला तू अजून थोडी वर्षं थांब असं सांगणारा नियम मुळात कुणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला होता, हा प्रश्न मला अजूनही छळतो. तो लिहिला होता पैसेवाल्या देशांना अडवायला, आणि अडकली ती.

पैसे देऊन प्लेअर घेतात ते खरं का?

प्रयत्न झालेत. २००४ ला कतारने जर्मनीतल्या लीगमध्ये खेळणाऱ्या आयल्तोन, देदे अशा ब्राझिलियन लोकांना नागरिकत्व द्यायचं ठरवलं, त्यांचा कतारशी काडीचाही संबंध नव्हता, आणि फिफाने घाईघाईने नियम काढला की ठोस नातं दाखवा. तेव्हा राहण्याची अट २ वर्षांची होती, २००८ ला ती ५ झाली.

मग कागदांचा खेळ सुरू झाला. सप्टेंबर २०२५ ला फिफाने मलेशियाच्या असोसिएशनला आणि ७ प्लेअरना शिक्षा केली. त्यांचे आजी-आजोबा मलेशियात जन्मले असं दाखवलं होतं, फिफाने मूळ नोंदी काढल्या तर जन्म अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन, नेदरलँड्समधले निघाले. असोसिएशनला साडेतीन लाख स्विस फ्रँकचा दंड, प्लेअरना वर्षभर बंदी, पुढे प्रकरण अपिलात गेलं. या लोकांनी व्हिएतनामला ४-० हरवलं होतं हो, व्हिएतनामच्या पोरांनी काय करायचं?

इक्वेडोरच्या बायरन कास्तियोचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. चिलीने तक्रार केली की तो कोलंबियात जन्मलाय. क्रीडा लवादाने नोव्हेंबर २०२२ ला सांगितलं की इक्वेडोर सरकार त्याला नागरिक मानतं म्हणून तो खेळायला पात्र आहे, पण असोसिएशनने चुकीची माहिती असलेला कागद वापरला म्हणून पुढच्या क्वालिफायरमध्ये ३ पॉइंट कापले. नागरिक कोण हे सरकार ठरवणार, फिफा नाही, हे या निकालातून पक्कं झालं.

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स एकच देश ना, मग टीम वेगळ्या का?

महाराष्ट्रात रणजीच्या महाराष्ट्र, मुंबई, विदर्भ अशा तीन टीम आहेत ना, तसंच. असोसिएशन फिफापेक्षा जुन्या. पासपोर्ट सगळ्यांचा ब्रिटिशच, म्हणून तिथे जन्म, आई-वडील, आजी-आजोबा किंवा शाळा कुठे शिकला यावरून ठरतं.

छोटे देश अचानक वर्ल्ड कपला कसे पोचायला लागले?

स्थलांतर करून गेलेल्यांच्या पोरांमुळे, बऱ्याच अंशी. केप व्हर्दे २०२६ च्या वर्ल्ड कपसाठी क्वालिफाय झाला, त्यांचा डिफेंडर पिको लोपेस डब्लिनचा, वडील केप व्हर्देचे. त्याला कोचने लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये मेसेज टाकला होता, त्याला वाटलं कुणीतरी फालतू मेसेज पाठवलाय म्हणून त्याने उत्तरच दिलं नाही, काही महिन्यांनी परत मेसेज आला तेव्हा भाषांतर करून वाचला. क्युरासाओ हे कॅरिबियन बेट तर दीड लाखाच्या आसपास वस्तीचा, आपल्या नाशिक रोडला आणि सिडकोला मिळून याहून जास्त माणसं राहतील, तोही क्वालिफाय झाला आणि टीममधले जवळपास सगळे नेदरलँड्समध्ये जन्मलेले. क्युरासाओ आजही डच राज्याचा भाग आहे त्यामुळे पासपोर्टची अडचणच नाही.

क्रिकेटमध्येही असं होतं का?

होतं, आणि तिथे आपल्याला त्रास होत नाही हे लक्षात घ्या. एजाझ पटेल मुंबईत जन्मला, लहानपणी न्यूझीलंडला गेला, डिसेंबर २०२१ ला वानखेडेवर आपल्याच १० विकेट काढल्या आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सौरभ नेत्रावळकर मुंबईचा, भारताच्या अंडर नाइन्टीनकडून खेळलेला, २०२४ ला अमेरिकेकडून त्याने कोहली आणि रोहित दोघांना आउट केलं आणि आपल्या घराघरांत कौतुकच झालं. आपला पोरगा दुसऱ्या देशाकडून खेळला तर अभिमान, तर मग दुसऱ्याचा पोरगा आपल्याकडे आला की शंका का घ्यायची?

मग भारतीय वंशाचे प्लेअर इंडियाकडून का खेळत नाहीत?

कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. राज्यघटनेचं कलम ९ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं संपलं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना ओसीआय कार्ड मिळतं पण ते नागरिकत्व नाही, त्यावर राहता येतं, काम करता येतं, मतदान करता येत नाही. खेळाचं म्हणाल तर प्रकाश अमृतराज अमेरिकन असून भारताकडून टेनिसचा डेव्हिस कप खेळायचा, पण २००८ च्या शेवटी केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने ठरवलं की भारतीय पासपोर्ट असलेलाच भारताकडून खेळेल. तो निळा पासपोर्ट छापला जातो आपल्या नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. इथल्या कित्येक घरांतली माणसं त्या प्रेसमध्ये नोकरी करून रिटायर झालीत, तेव्हा हा विषय नाशिकला लांबचा नाही.

त्यामुळे काय होतं, नील टेलरची आई कोलकात्याची, तो वेल्सकडून खेळला आणि युरो २०१६ ला रशियाविरुद्ध गोलही मारला. विकाश धोरासू मॉरिशसमार्गे फ्रान्सला गेलेल्या भारतीय वंशाच्या घरातला, २००६ च्या वर्ल्ड कपला फ्रान्सच्या टीममध्ये होता. सरप्रीत सिंग न्यूझीलंडकडून. यांच्यातल्या कुणालाही इंडियाकडून खेळायचं असतं तर आधी तिकडचा पासपोर्ट सोडावा लागला असता, आणि युरोपातल्या क्लबमध्ये पोट असणाऱ्याला ते परवडत नाही, वर्क परमिट जातं, घरच्यांचं अडतं.

तरी दोघांनी ते केलं. इझुमी अराता जपानमध्ये वाढलेला, वडील गुजराती, आई जपानी, आपल्या महिंद्रा युनायटेड आणि पुणे एफसीकडून खेळला, पुण्याच्या लोकांना तो चांगला आठवत असेल, त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं आणि २०१३ ला इंडियाकडून उतरला. आणि बंगळुरू एफसीचा रायन विल्यम्स, ऑस्ट्रेलियाकडून एक फ्रेंडली खेळलेला, आई मुंबईची, त्याने २०२५ ला ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. कुणी म्हणतं करिअर संपत आलं म्हणून आले. मला ते बोलणं आवडत नाही. नागरिकत्व परत सहज मिळत नाही, ते सोडणाऱ्याने जे दिलं ते आपण जर्सी घालून फोटो टाकणाऱ्यांनी मोजू नये.

यावर काही मार्ग आहे का?

दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामने काढला, पूर्वी ती डच वसाहत होती. तिथेही दुहेरी नागरिकत्व नव्हतं आणि त्यांचे चांगले प्लेअर सगळे नेदरलँड्सचे, सीडॉर्फ आणि डेव्हिड्स तर सुरीनामच्या राजधानीत, पारामारिबोलाच जन्मलेले. २०१९ ला सरकारने स्पोर्ट्स पासपोर्ट काढला, खेळाडूला डच नागरिकत्व ठेवून सुरीनामकडून खेळता येईल असा, आणि २०२१ च्या गोल्ड कपला (उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनचा कप) ती टीम उतरली. हाच सुरीनाम जिथे आपल्या भोजपुरी भागातून मजूर नेले होते, त्यामुळे तिथल्या लोकांची आडनावं बघितली तर काही ओळखीची वाटतील.

भारतात असं करायचं तर संसदेतून कायदा लागेल आणि मी त्याच्या बाजूने आहे, पण अटी ठेवून. आई-वडील किंवा आजी-आजोबा भारतात जन्मलेले असावेत, कागद कडक तपासावेत, फक्त पैसे बघून कुणाला आणू नये.

पण मग इथल्या पोरांची जागा जाणार नाही का?

ही भीती खरी आहे, ती उडवून लावणाऱ्यांचं मला पटत नाही. इंडोनेशियाने नेदरलँड्समध्ये जन्मलेले प्लेअर भराभर घेतले, टीम सुधारली पण २०२६ च्या वर्ल्ड कपला पोचली नाही. मोरोक्को २०२२ ला सेमीफायनलपर्यंत गेला कारण अकादमीही होती. २०१७ च्या अंडर सेव्हंटीन वर्ल्ड कपला आपल्या टीममध्ये कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. कोल्हापुरात तालमींच्या टीम आहेत, मॅचला गर्दी आहे, म्हणून तिथून पोरं निघतात. नाशिकमध्ये दहा वर्षांच्या पोराला रोज संध्याकाळी फुटबॉलच्या मापाचं मैदान कुठे मिळतं हे कुठल्याही पालकाला विचारा, क्रिकेटच्या पिचभोवती जी जागा उरते तिथे पोरं खेळतात. बाहेरून पाच जण आणले तरी बाकीचे इथूनच घडवायचे आहेत, त्यामुळे मैदानाची मागणी आधी आणि पासपोर्टची नंतर, हा माझा क्रम आहे.

राष्ट्रगीत न म्हणणारा प्लेअर देशाचा मानायचा का?

मानायचा. तोंड हलतंय की नाही यावरून मला काही कळत नाही, ९० मिनिटं पळतोय की नाही यावरून कळतं.

माझा मुलगा अमेरिकेत जन्मलाय, फुटबॉल चांगला खेळतो, आम्ही मूळचे नाशिकचे. तो कुणाकडून खेळू शकेल?

हा प्रश्न आता खूप घरांतून येतो. अमेरिकेत जन्म झाला की तिथलं नागरिकत्व आपोआप मिळतं, तिकडून खेळायला अडचण नाही. भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच लागेल. आई-वडील भारतीय नागरिक असतील तर जन्मानंतर एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंद करता येते, पण त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं, आणि अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत दोनपैकी एक नागरिकत्व निवडावं लागतं. अमेरिकन पासपोर्ट काढून झाला असेल तर ओसीआयचा रस्ता, ५ वर्षं ओसीआय असणं आणि अर्जाआधी १२ महिने भारतात राहणं, मग नागरिकत्वाचा अर्ज, आणि अमेरिकेचं सोडणं. नमित देशपांडे न्यू जर्सीत वाढूनही २०१७ च्या भारतीय अंडर सेव्हंटीन टीममध्ये होता, कारण भारताचा पासपोर्ट त्याच्याकडे होता.

२१ च्या आत तिकडच्या ज्युनियर टीमकडून खेळला तरी फिफाच्या हिशोबाने दार सहसा बंद होत नाही, त्यामुळे पोराला चान्स मिळतोय तर खेळू द्या, अडवू नका. फक्त कागद गोळा करून ठेवा. आई-वडील किंवा आजी-आजोबांचा जन्मदाखला हवा, जन्म शहरातला असेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात, गावाकडचा असेल तर ग्रामपंचायतीत, आणि फार जुनी नोंद असेल तर तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल काढावी लागते. त्यातल्या बऱ्याच नोंदी मोडीत असतात, वाचणारा माणूस शोधायला वेळ लागतो, शिवाय आजोबांचं नाव एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी वेगळं निघालं तर दुरुस्तीला आणखी फेऱ्या, तेव्हा हे काम पोरगं सोळाचं होईपर्यंत ठेवू नका, पुढच्या सुट्टीत नाशिकला याल तेव्हाच उरकून घ्या.